मदत हवी आहे: कलेजीतलं ग्लायकोजन पोरांना दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी रावेर तालुक्यातली, संध्याकाळी घरीच गल्लीतल्या नववी-दहावीच्या पोरांचा अभ्यास घेते. सध्या कर्बोदकं चालू आहेत आणि ती नुसती पाठ करून घ्यायची नाहीत असं मनात आहे, कारण केळी, कापूस, कडबा सगळं आमच्या दारातच आहे.

केळीचं झकास जमलं. कच्चं केळं आडवं कापून मेडिकलवरचं बीटाडीन (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) टाकलं की काप काळानिळा पडतो आणि चांगलं पिकलेलं केळं तसंच तपकिरी राहतं. कच्च्या केळ्यात वजनाच्या साधारण २० टक्के स्टार्च, पिकताना त्याची साखर होते. घड कापणाऱ्या घरातली पोरं ही, पण तो रंग बघून सगळी वाकून वाकून बघत होती.

मग बोंडातला कापूस घेतला, तो निळा होतच नाही. ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज, तेही ग्लुकोजचंच, पण जोडणी वेगळी म्हणून साखळ्या सरळ ताठ, स्टार्चसारखी गुंडाळी नाही, मग आयोडीन शिरणार कुठे. एकाने लगेच विचारलं, मग बैल कडबा कसा पचवतो? म्हटलं बैलाला स्वतःला नाही जमत, त्याच्या पोटातले जीवाणू पचवतात.

अडलंय ते प्राण्यांपाशी, म्हणजे ग्लायकोजनपाशी, प्राणी ग्लुकोज साठवून ठेवतात त्या कर्बोदकापाशी. सकाळी आणलेली बकऱ्याची कलेजी संध्याकाळी उकळली, पाणी गाळून गार केलं, आयोडीन टाकलं. लालसर तपकिरी यायला पाहिजे ना? मला तर काही फरकच दिसेना. कोणाला जमलंय का हे? प्लीज सांगा, पोरं रोज विचारतात.

उत्तर:
ताई, मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात बायो शिकवतो. बकरं कापल्यावरही कलेजीतली एन्झाइम्स थांबत नाहीत, ग्लायकोजन तोडून ग्लुकोज करत राहतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत फारसं उरत नाही. समोर कापलेली कलेजी घ्या आणि लगेच बारीक तुकडे करून उकळत्या पाण्यात टाका, उकळीने एन्झाइम मरतं. पाणी पूर्ण गार झाल्यावरच आयोडीन टाका, गरम असताना रंग उडतो. बीटाडीनपेक्षा शाळेतलं आयोडीनचं द्रावण पातळ करून वापरा आणि शेजारी नुसत्या पाण्यात तेवढेच थेंब टाकून ठेवा, फरक त्याच्याशीच ताडायचा. रंग फिकाच येतो, कारण ग्लायकोजनला दर ८-१२ ग्लुकोजला फांदी फुटलेली असते, लांब गुंडाळी होत नाही.

आणि थोडी कलेजी न उकळता मुद्दाम ठेवाच. लघवीतली शुगर बघायच्या पट्ट्या मिळतात, त्या ताज्या कलेजीच्या पाण्यात आणि चार तासांनी परत बुडवा, साखर वाढलेली दिसेल. फ्रान्सच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये कलेजी धुऊन सगळी साखर काढली, दुसऱ्या दिवशी तिच्यात परत साखर सापडली, त्यावरूनच पुढे १८५७ मध्ये त्याने ग्लायकोजन वेगळं काढलं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार भाऊ! रविवारी पट्ट्या घेऊन करतेच. दोन-तीन घरांत मटण चालत नाही, त्या पोरांसाठी कायटिन, म्हणजे किड्यांच्या कवचातलं कर्बोदक, दाखवायचं म्हणतेय. झुरळाचं कवच चालेल का, आणि त्याला घरी करण्यासारखी काही टेस्ट आहे का?