परकीय हात: आपला तो बाब्या, रशियाचं ते कार्टं

शनिवारपेठी (धागाकर्ता)

परवा हिंजवडीकर यांनी इथे लिहिलं की २०१६ ची अमेरिकेची निवडणूक रशियाने फिरवली हे 'सिद्ध झालेलं आहे', आणि परकीय हस्तक्षेप दिसला की रुमानियासारखी निवडणूक सरळ रद्द करावी, आपणही तसा कायदा करावा. त्याखाली 'सहमत' आणि '+१' ची रांग. मला रात्री झोप येईना. प्रतिसादात मावलं नसतं म्हणून वेगळा धागा.

सिद्ध काय झालं? याची चौकशी करणारे विशेष वकील म्यूलर यांचा अहवाल एप्रिल २०१९ मध्ये बाहेर आला. रशियाने पद्धतशीर लुडबुड केली, हे त्यात आहे. मान्य. ट्रम्प यांच्या प्रचारवाल्यांनी रशियाशी कट केल्याचं शाबीत झालं नाही, हेही त्यातच आहे. निकाल त्यामुळे फिरला, असं मात्र त्यात कुठेही नाही. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या त्या ट्रोल कारखान्याने (खोट्या नावांनी पोस्टी टाकणारी कंपनी) फेसबुकच्या जाहिरातींवर घातले साधारण एक लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने सहासष्ट-सदुसष्ट लाख रुपये. अहो, एवढ्यात आपल्याकडे नगरसेवक निवडून येत नाही, आणि तुम्ही महासत्तेचा अध्यक्ष म्हणताय!

हिलरीबाईंनी उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनात एकदाही पाय ठेवला नाही. तिथे तेवीस हजारांच्या आत हरल्या. यात पुतिन काय करणार? आमच्या तरुणपणी इंदिराबाईंचा 'परकीय हात' असायचा. संप झाला, परकीय हात. मोर्चा निघाला, परकीय हात. तेव्हा आम्ही हसायचो. आता तेच इंग्रजी पेपरात आलं की माना डोलावतात.

हिंजवडीकर

शीर्षकात माझं नाव घातलं नाहीत, एवढी कृपा.

एक लाख डॉलर हा नुसत्या जाहिरातींचा खर्च. फुकटच्या पोस्टी कोण मोजणार? त्या १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोचल्या असाव्यात, हा आकडा फेसबुकने स्वतः दिला. हॅकिंगचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. जुलै २०१८ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या १२ जणांवर नावानिशी आरोपपत्र आहे. ७ ऑक्टोबर २०१६ ला ट्रम्प बायकांबद्दल घाण बोलल्याची ती चित्रफीत बाहेर आली आणि तासाभराच्या आत विकिलीक्सने हिलरींचे प्रचारप्रमुख पोडेस्टा यांच्या चोरलेल्या मेली सोडायला सुरुवात केली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला?

निकाल ठरवणाऱ्या तीन राज्यांत मिळून फरक होता ७८ हजारांच्या आत. कोथरूडला २०२४ च्या विधानसभेत एका उमेदवाराचं मताधिक्य लाखाच्या वर होतं. एवढ्याशा फरकाला किती धक्का लागतो?

शनिवारपेठी

तोच तर प्रश्न आहे. किती लागतो? तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मग 'सिद्ध' हा शब्द मागे घ्या. बँकेत ३४ वर्षं काढली, शिल्लक जुळली नाही तर 'साधारण जुळली' असं लिहून घरी जाता येत नसे.

मुठेकाठची

दोघेही मुद्दा सोडून भांडताय. निकाल फिरला की नाही हे कुणालाच मोजता येणार नाही, म्हणून लुडबुड क्षुल्लक ठरते का? चोर घरात शिरला, त्याच्या हाती काही लागलं नाही, तर पोलिसांत जायचं नाही?

मला त्यातला ह्यूस्टनचा किस्सा सगळ्यात भयंकर वाटतो. मे २०१६. फेसबुकवर एक पान टेक्सासवाल्या राष्ट्रभक्तांचं, दुसरं अमेरिकन मुसलमानांचं. दोन्ही पानांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच इस्लामिक केंद्रासमोर लोकांना बोलावलं. रस्त्याच्या या बाजूला हे, त्या बाजूला ते, मध्ये पोलीस. दोन्ही पानं चालवत होती सेंट पीटर्सबर्गची तीच मंडळी. खर्च म्हणे दोनशे डॉलर. तिथे कुणाचं मत बदललं नसेलही. पण शेजारी शेजाऱ्यावर ओरडत उभा राहिला ना? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे रोज फुकटात होतं, तो भाग वेगळा.

दुपारी१ते४

सोसायटीच्या ग्रुपला रशियाची गरज नाही. पार्किंग पुरतं.

कोथरूडची काकू

त्या पोडेस्टांना कुणी हसू नका. त्यांना मार्च २०१६ मध्ये गूगलच्या नावाने खोटी मेल आली की पासवर्ड बदला. कार्यालयातल्यांनी संगणकवाल्या पोराला विचारलं, तर त्याने 'बनावट आहे' लिहायच्या ऐवजी 'खरी आहे' असं लिहून पाठवलं. टंकताना चुकलं, असं तो नंतर म्हणाला.

आमच्याकडे काय झालं सांगते. ह्यांना रात्री साडेआठला मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल भरलेलं नाही, साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा. हे स्वतः इंजिनियर. बिल भरल्याची पावती मी समोर धरली तरी म्हणाले, 'तू मध्ये बोलू नकोस.' त्या माणसाने सांगितलेलं अॅप टाकलं आणि अठ्ठेचाळीस हजार गेले. आता जेवताना वीज गेली की घरात कुणी काही बोलत नाही. तेव्हा कोण कुठे कसा फसेल सांगता येत नाही, एवढंच. विषयाला सोडून झालं असेल तर क्षमस्व.

शनिवारपेठी

काकू, वाईट वाटलं. पण यातून रशियाबद्दल काय सिद्ध होतं?

कोथरूडची काकू

काही नाही. तुम्ही बँकेतले, म्हणून सांगितलं. आमच्या बँकेतले तर फोनही उचलत नव्हते.

कात्रज ते कार्पेथियन

वाचनमात्र होतो, पण रुमानियाचं नाव निघालं म्हणून लिहितो. सहा वर्षं बुखारेस्टला आहे, मूळ धनकवडी.

हिंजवडीकर, तुम्ही म्हणता तितकं ते गोजिरं नव्हतं. २४ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. जॉर्जेस्कू नावाचे रशियाकडे झुकलेले गृहस्थ, ज्यांना पाहणीवाले मोजतही नव्हते, २३ टक्के घेऊन पहिले आले. प्रचारखर्च दाखवला शून्य. सगळा खेळ टिकटॉकवर. मग गुप्तचर कागद खुले झाले, की मतदानाआधी दोन आठवडे पंचवीस हजारांच्या आसपास खाती एकदम जागी झाली. ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली.

त्या दिवशी परदेशातल्या रुमानियन लोकांचं दुसऱ्या फेरीचं मतदान सुरू झालं होतं. माझ्या सहकाऱ्याची बहीण इटलीत वृद्धांच्या घरी कामाला आहे. सुट्टी मिळेना म्हणून घाईघाईने जाऊन मत टाकून आली आणि बसमध्ये बसल्यावर फोनवर वाचलं की निवडणूक रद्द. ती जॉर्जेस्कूच्या विरोधातच होती, तरी तिचा पहिला शब्द होता 'चोर'. कुणाला उद्देशून ते विचारू नका, तिलाही माहीत नव्हतं.

आणखी एक गंमत. नंतर इथल्या पत्रकारांनी छापलं की टिकटॉकवरच्या एका मोहिमेचे पैसे सरकारातल्याच एका पक्षाने मोजले होते आणि फायदा झाला जॉर्जेस्कूंना. आता शोधा परका हात!

शनिवारपेठी

कार्पेथियनवाले, तुम्हाला माझ्यातर्फे एक अमृततुल्य आणि क्रीमरोल. हिंजवडीकर, वाचलंत का?

हिंजवडीकर

वाचलं. पुढचंही सांगा ना. मे २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, जॉर्जेस्कूंना उभं राहू दिलं नाही, पहिल्या फेरीत त्यांच्याच विचाराचे सिमियोन ४१ टक्के घेऊन पुढे होते आणि तरी दुसऱ्या फेरीत निकुशोर दान जिंकले. लोकशाही बुडाली नाही. आणि एका पक्षाचा गाढवपणा सापडला म्हणून पंचवीस हजार खाती हवेत विरत नाहीत.

पण निवृत्त बँकवाल्यांना बॉट नेटवर्क काय समजावणार. तुमच्यासाठी सायबर हल्ला म्हणजे पासबुक प्रिंटर बंद पडणं.

शनिवारपेठी

आणि तुमच्यासाठी राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे हिंजवडीच्या पुलाखाली दोन तास अडकून मोबाइलवर वाचलेलं काहीबाही. वयावर येऊ नका. मला पासबुक वाचता येतं, तुम्हाला अहवाल वाचता येत नाही.

एवढं परक्यांचं वावडं तर अमेरिकेला विचारा. १९४८ ला इटलीत सीआयएने कम्युनिस्टांविरुद्ध पैसा ओतला. आपल्याकडचंही ऐका. मॉयनिहान, अमेरिकेचे इथले माजी राजदूत, यांनी १९७८ मध्ये आठवणींत लिहिलं की केरळ आणि बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखायला अमेरिकेने दोनदा काँग्रेसला पैसे दिले. इंदिराबाईंनी ते नाकारलं. पण परकीय हाताची सगळ्यात मोठी ओरड कुणाची होती, आठवा.

मुठेकाठची

१९७८ कशाला? २०१४ घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप दोघांनाही परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केला म्हणून दोषी धरलं. मग काय झालं? २०१६ च्या वित्त विधेयकात 'परदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलली आणि २०१८ मध्ये तो बदल मागे नेऊन थेट १९७६ पासून लागू केला. संसदेत त्यावर चर्चा झाली नाही. बेचाळीस वर्षांचा हात एका झटक्यात देशी. हिंजवडीकर, तुमचा कायदा हेच लोक करणार ना?

हिंजवडीकर

हे मात्र मला माहीत नव्हतं. तुमच्याकडून ऐकावं लागलं याचं दुःख आहे.

दुपारी१ते४

तुम्ही सगळे २ कोटी १० लाख डॉलर विसरलात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्क यांच्या सरकारी खर्चकपातीच्या विभागाने यादी टाकली की भारतात मतदानाचा टक्का वाढवायला ठेवलेले एवढे पैसे रद्द. ट्रम्प म्हणाले, कुणाला तरी निवडून आणायचं असेल. इथे टीव्हीवर आठवडाभर कुस्ती. मग इंडियन एक्स्प्रेसने कागद काढून दाखवलं की ती रक्कम बांगलादेशासाठी होती.

मी पुणेकर म्हणून तेव्हाच ओळखलं होतं. टक्का वाढवायला पैसे आले असते तर पुण्यात दिसले नसते? २०१९ ला पन्नास टक्केही गाठता आले नाहीत. २०२४ ला मतदान सोमवारी ठेवलं, तर शनिवार-रविवार जोडून अर्धी कर्वे रोड दिवेआगरला.

मुठेकाठची

टक्क्यावरून पुणेकरांना नेहमीच हसतात, मला राग येतो. या शहराला २९ मार्च २०२३ पासून पुढची लोकसभा होईपर्यंत खासदारच नव्हता, हे किती जणांना आठवतं? गिरीश बापट गेले तेव्हा लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरलेली. कायदा सांगतो सहा महिन्यांत पोटनिवडणूक. ती झालीच नाही. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या, तिथे दोन महिन्यांत मतदान! लोकसभेला मात्र आयोग म्हणाला, इतर निवडणुकांत गुंतलोय आणि नव्या खासदाराला मिळणार तरी किती महिने. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. संपलं.

एका शहराचं वर्षभराचं मत गेलं. बॉट नाही, रूबल नाही.

शनिवारपेठी

+१००. पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत.

कात्रज ते कार्पेथियन

तिथे फेरी रद्द झाली तर पाच महिन्यांत पुन्हा घेतली, इथे मुळात घेतलीच नाही. इथल्या लोकांना हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

एफसीरोडचा सुभ्या

एका खासदाराने काय फरक पडतो? असताना तरी काय होतं? वाहतूक तीच.

मुठेकाठची

सुभ्या, याच वृत्तीमुळे झालं. फरक पडत नसेल तर रशियाच्या नावाने चार पानं का जाळतोय आपण?

एफसीरोडचा सुभ्या

मी नाही जाळत. मी प्रभागरचनेबद्दल धागा काढला होता, त्यावर दोन प्रतिसाद आले. एक माझाच.

हिंजवडीकर

धागा भरकटलाच आहे तर माझंही ऐका. इतके दिवस लिहिलं नव्हतं.

२०२४, लोकसभा. आई ८१ वर्षांची. सकाळी सात वाजता अंजिरी साडी नेसून तयार, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये. केंद्रावर दोन जिने. वरच्या मुलाने यादीवर बोट फिरवलं आणि थांबला. आईच्या फोटोवर तिरका शिक्का, 'डिलिटेड'. त्याच्या वरच्याच चौकटीत बाबांचा फोटो, स्वच्छ, शिक्क्याशिवाय. बाबा २०१८ ला गेले. कुणीतरी नाव वगळायचा फॉर्म ७ भरला असणार आणि टंकताना ओळ चुकली असणार. त्या मुलाचा दोष नव्हता, तोही ओशाळला. आई त्याला म्हणाली, 'मग ह्यांच्या नावावर मी टाकू का?' सगळे हसले. खाली उतरताना तिने जिन्याचा कठडा धरला नाही, माझा हात धरला.

मला यात कुणाचा कट दिसत नाही. रशियाबद्दलचं माझं मत तेच आहे. पण शनिवारपेठी, त्या दिवशी मला तुमच्यासारखाच राग आला होता, हे कबूल करतो. आवडलं नाही तरी.

शनिवारपेठी

हे आधी का नाही लिहिलंत? दोन दिवस पोडेस्टा पोडेस्टा करत बसलो.

नाव घालायचा फॉर्म ६ भरलात का? ऑनलाइन भरून थांबू नका. पोच क्रमांक घ्या, मग मतदान केंद्राच्या कर्मचाऱ्याला गाठा, जुन्या यादीच्या पानाची झेरॉक्स सोबत. प्रारूप यादी लागली की स्वतः जाऊन पाहा. आमच्या वाड्यातली अकरा नावं २०१४ ला अशीच उडाली होती, मी परत घालून घेतली. लागलं तर व्यनि (खासगी निरोप) करा, बरोबर येतो. आणि 'सिद्ध' हा शब्द अजून मागे घेतलेला नाही, हे लक्षात आहे.

हिंजवडीकर

'सिद्ध'च्या जागी 'दाट शक्यता'. यापुढे एक पाऊल मागे येणार नाही.

फॉर्म ६ भरला होता. विधानसभेच्या आधी नाव आलं.

कोथरूडची काकू

मग केलं का त्यांनी मतदान?

हिंजवडीकर

केलं. पण नव्या यादीत लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' छापलंय. केंद्रावर पंधरा मिनिटं त्यावर खल. शेवटी आईच म्हणाली, 'अहो, साडी दिसत नाही का?'

दुपारी१ते४

यात मात्र पुतिन नक्की.