मंडईत आलेल्या मालिकेच्या नायकाचे भाषण : त्यांच्या नम्रतेचे मोल किती?

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

भाऊबीजेनंतर आमच्याकडे पूर्व विदर्भात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रेसारखा मेळा, भरते. यंदा लाखांदूर तालुक्यातील आमच्या गावच्या मंडईत दंडार (आमच्याकडचे लोकनाट्य) सुरू होण्याआधी दूरचित्रवाणी मालिकेतील एका नायकाचे भाषण झाले. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चा त्यांच्या म्हणण्याची व्हावी, अशी इच्छा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. प्रसिद्धी मालिका चालू असेपर्यंतच टिकते, हे पहिली मालिका संपल्यावर काम नसलेल्या काळात त्यांना कळले. बारा तासांच्या पाळीतही ते व्यायाम चुकवत नाहीत. आईवडील शेती करतात आणि पत्नी नोकरी करते, म्हणूनच त्यांना हा व्यवसाय करता आला. आणि गावात आल्यावर ते कोणाचे तरी पुतणे, कोणाचे तरी भाचे असतात, नायक नसतात.

त्या रात्री टाळ्या पडल्या, पण दुसऱ्या दिवसापासून गावात दोन तट पडले आहेत. हे सगळे मंचावरचे गोड बोलणे आहे, असे एका तटाचे म्हणणे. मला ते पटत नाही. आपल्या मुलांना पडद्यावरचा चेहरा दिसतो, पण त्यामागची अनिश्चितता कोणी सांगत नाही. रोजच्या मालिकेचे भवितव्य दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर ठरते, पात्र कथेतून कधी बाहेर काढले जाईल याची हमी नसते आणि केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हाती येण्याची तिथे रूढ पद्धत आहे. ज्या घरात धान विकल्याशिवाय दुकानाची उधारी फिटत नाही, त्या घरातल्या मुलाने मुंबईला निघण्यापूर्वी हे ऐकलेच पाहिजे, आणि ते त्या जगात राहणाऱ्याच्या तोंडून ऐकले तरच त्याला खरे वाटते.

व्यायामाबद्दलही त्यांनी जपून सांगितले. मालिकांतले नट सिद्धार्थ शुक्ला २ सप्टेंबर २०२१ रोजी वयाच्या ४०व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मालिकांतलेच सिद्धांत वीर सूर्यवंशी ४६व्या वर्षी व्यायामशाळेतच कोसळले. या मृत्यूंची कारणे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, परंतु पिळदार शरीर म्हणजे निरोगी शरीर असे धरून चालू नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्यातली पावडर घेऊ नये, हे एका देखण्या नटाने आमच्या पोरांना तोंडावर सांगितले, याचे मला मोल वाटते.

वडसेकर

चुलबंदकाठ भाऊ, आपली तळमळ समजते, पण मी दुसऱ्या तटाचा आहे. ज्याला सर्व मिळाले आहे त्याने नम्र असणे चांगलेच, पण त्यासाठी त्याला काही सोडावे लागत नाही. आमच्या वडशाला (गडचिरोली जिल्हा) झाडीपट्टी रंगभूमीच्या, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगावी नाटके करणाऱ्या, मंडळ्यांची कार्यालये आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की तिथले कलावंत रात्री नाटकाला उभे राहतात ते पहाटेपर्यंत, सकाळी गाडीत बसल्या-बसल्या झोपतात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा तोंडाला रंग लावतात. हंगाम संपला की त्यांतले कितीतरी जण शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतात. प्रसिद्धी ओसरणे म्हणजे काय, हे त्यांना दर उन्हाळ्यात कळते.

गडचिरोली जिल्ह्याचे झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० भूमिका झाल्यावर. या एवढ्या वर्षांत प्रसिद्धी आणि कुटुंब यांविषयी त्यांचे चिंतन ऐकायला आपल्यापैकी किती गावांनी ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती दिला? आपल्याच मंडईत नायकाच्या मानधनासाठी घरोघरी वर्गणी झाली आणि दंडारीच्या मंडळाला जेवण व प्रवासखर्चावर बोळवले, हे आपणही पाहिले आहे. माझा राग त्या नटावर नाही, आपल्या निवडीवर आहे.

धावपट्टी

मी गावातल्या मुलामुलींना पोलीस भरतीसाठी पळवतो. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यामुळे या भाषणाकडे मी फक्त शरीराच्या बाजूने पाहतो. शेतात राबणाऱ्याला व्यायामाची गरज काय, असे मंडईतच एक वडीलधारे म्हणाले. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात वाकून असतात, पण त्याने छातीचा दम वाढत नाही, कंबर मात्र कायमची धरते. कष्टाने शरीर झिजते, व्यायामाने ते सावरते, हा फरक सांगायला कोणीतरी हवेच होते.

आणि आता जे लिहितो ते चर्चेत कोणीच आणलेले नाही. भाषणाआधी मंचामागे आयोजकांपैकी एकाने रीतीप्रमाणे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) पुढे केला. पन्नीत घोटलेला, ताजा. नायकाने हात जोडून नकार दिला आणि सांगितले की त्यांनाही ही सवय होती, पण संवाद म्हणताना जबडा पुरता उघडेना, तेव्हा त्यांनी ती सोडली. मी शेजारी उभा होतो. मी पळवतो त्यांतली दोन मुले तिथेच होती, त्यातल्या एकाचे तोंड आताच तीन बोटे मावतील एवढे उघडत नाही. सुपारी-तंबाखूने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते आणि पुढे कर्करोगाची भीती असते, हे मी शंभरदा सांगितले होते. त्या दिवशी त्या मुलाने पहिल्यांदा मला दवाखान्याचा पत्ता विचारला. गडचिरोलीत २०१६पासून मुक्तिपथ अभियान दारू-तंबाखूवर चिकाटीने काम करत आहे, तशी चिकाटी आमच्या बाजूला उभी राहीपर्यंत एखाद्या नटाच्या नकाराचा उपयोग होत असेल, तर मी तो आनंदाने करून घेईन. वडसेकर भाऊ, झाडीपट्टीच्या कलावंतांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पण त्यांच्यातले किती जण रात्रभर जागण्यासाठी खर्रा खातात, हेही आपण लिहायला हवे होते.

अर्जुनीची लेक

तिन्ही प्रतिसाद वाचले. पत्नी नोकरी करते म्हणून मला नट होता आले, या वाक्यावर सभेत सर्वांत मोठी टाळी पडली, त्याबद्दल एवढ्या चर्चेत कोणीही लिहिले नाही. त्या गृहस्थांनी कृतज्ञता बोलून दाखवली, हे चांगलेच झाले. पण हेच वाक्य उलटे करून पाहावे. माझी मावशी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायची. दूध पिते मूल सोबत घेऊन ती रंगपटात बसायची. प्रयोगाच्या मध्यंतरात त्याला पाजायचे, निजवायचे, पदर सारखा करायचा आणि घंटा झाली की रंगमंचावर जायचे. ‘माझा नवरा घर सांभाळतो म्हणून मी नाटक करते’, असे ती मंचावरून बोलली असती, तर टाळ्या पडल्या नसत्या, नवऱ्याचे गावात फिरणे अवघड झाले असते.

नम्रतेचेही तेच. पुरुष नट सर्वांशी हसून बोलला की तो साधा माणूस ठरतो. बाई सर्वांशी हसून बोलली की तिच्याविषयी भलतेसलते बोलले जाते, आणि तिने अंतर राखले की ती गर्विष्ठ ठरते. मावशीने त्यामुळे बाहेरगावी प्रयोगाआधी कोणाशीही न बोलण्याचा नियम केला होता आणि आयुष्यभर तुसडी म्हणवून घेतले. म्हणून कलावंताने नम्र असावे, ही अपेक्षा मांडणाऱ्यांनी ती कोणाकडून आणि कोणत्या किमतीवर मागतो, हे आधी ठरवावे.

ऋणमोचन

मी अमरावती जिल्ह्याचा, त्यामुळे मला गाडगेबाबा आठवणारच. ते कीर्तनाआधी गाव झाडत आणि कोणाला पायाला हात लावू देत नसत. आपल्या भागात नम्रतेची ही पट्टी लोकांच्या नजरेसमोर आहे. इथे त्या भाषणाच्या दिवसाची चित्रफीत पाहिली, तर लोक रांगेने नायकाच्या पाया पडताना दिसतात आणि ते नुसते स्मित करीत उभे आहेत. पडद्यावरच्या माणसाला देवत्व देण्याची आपली खोड जुनी आहे. १९८७-८८ मध्ये रामायण मालिका चालू होती, तेव्हा अरुण गोविल दिसले की लोक वाकत. नटाचा त्यात दोष नसेल, पण अडवणे त्याच्या हातात असते.

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

ऋणमोचन दादा, ती चित्रफीत अर्धीच आहे. म्हातारी माणसे वाकू लागली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले आणि स्वतः वाकले, हे पुढच्या भागात दिसते. मुले मात्र पाया पडली आणि ती त्यांनी पडू दिली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत आहे, त्यामुळे मला त्यात वावगे वाटत नाही. गाडगेबाबांची पट्टी पोटासाठी काम करणाऱ्या नटाला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ताई, आपल्या मावशींबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. पुढच्या मंडईत त्या बोलायला येतील का? आयोजकांना मी आजच विचारतो.

वडसेकर भाऊ, दंडारीच्या मंडळाची बोळवण झाली, हे खरे आहे आणि मीही सभेत त्याविरुद्ध बोललो होतो. परंतु नायक आले म्हणून पलीकडच्या गावांतूनही माणसे आली आणि त्यांतली निम्मी तरी दंडारीला थांबली. पाहुणा न बोलावता दंडारीपुढे एवढी गर्दी अलीकडे मी पाहिलेली नाही.

वडसेकर

भाऊ, गर्दीचा हा हिशेब मला मान्य नाही. लोक थांबले, कारण परतीची गाडी पहाटे होती. दंडारीला नायकाच्या सावलीत उभे करून आपण तिला वाचवत नाही, ती भरताड आहे असेच पुढच्या पिढीला शिकवतो. मावशींना बोलवायचे असेल, तर त्यांना नायकाएवढेच मानधन द्यावे, वर्गणीच्या पावतीपुस्तकावर ती रक्कम छापावी आणि भाषण दंडारीच्या आधी नव्हे, मधल्या वेळात ठेवावे. आयोजक यातले एकही मान्य करणार नाहीत, असे मला वाटते. त्यांनी मान्य केले, तर वर्गणी गोळा करायला मी स्वतः वडशाहून येतो.

अर्जुनीची लेक

मावशीला विचारले. ती येईल, पण भाषण करणार नाही म्हणते. प्रवेश करून दाखवीन, पेटी-तबलावाले आमचेच लागतील आणि त्यांचेही मानधन वेगळे द्यावे, असा तिचा निरोप आहे.