मदत हवी आहे: जेनेसिसचा बाज नक्की कधी बदलला? गॅब्रिएल गेल्यावर की हॅकेट गेल्यावर?

जाणकार मंडळी, घरच्या एका भांडणात अडकलोय, सोडवा.

आमच्या दादाचं ठाम मत आहे की १९७५ साली गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला आणि जेनेसिस हा इंग्लिश रॉक बँड तिथंच संपला. पुढचं सगळं म्हणजे ड्रमर फिल कॉलिन्सचं पॉप. मी दादाच्याच तालमीत वाढलो, त्यामुळे गॅब्रिएलच्या शेवटच्या अल्बमच्या, 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'च्या पुढे कधी सरकलोच नव्हतो. गेल्या आठवड्यात एक गाणं आपोआप सुरू झालं. बारा तारांची गिटार, संथपणे उलगडत जाणारी चाल. मनात म्हटलं, गॅब्रिएलचं हे ऐकायचं कसं राहिलं? नाव बघतो तर 'एंटँगल्ड', अल्बम 'अ ट्रिक ऑफ द टेल', साल १९७६, गाणारा कॉलिन्स! दादाला सांगितलं तर म्हणे तुझा कान कच्चा.

मग १९७८ चा '...अँड देन देअर वेअर थ्री...' लावला. तिथे मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. गायक तर तोच आहे. मग हरवलं काय? मी कुठलंच वाद्य वाजवत नाही, तेव्हा बेताच्या भाषेत सांगा. आणि कोण श्रेष्ठ हा वाद इथे नको, तो घरी मुबलक आहे.

लाल_झगा: दादा बरोबर आहेत. कोल्ह्याचं मुंडकं आणि बायकोचा लाल झगा घालून मंचावर येणारा माणूस गेला की मागे उरतं काय? चार सज्जन वादक.

बारातारी: वरचा प्रतिसाद मंचाबद्दल आहे, प्रश्न कानांबद्दल. तुमचा कान अजिबात कच्चा नाही. १९७६ आणि १९७८ शेजारी ठेवून बघा. गायक कॉलिन्स, की-बोर्डवर टोनी बँक्स, बासवर माइक रदरफर्ड, बँडच्या जोडीला निर्माता डेव्हिड हेन्शेल, हे सगळे दोन्हीकडे तेच. मधल्या काळात एकच माणूस वजा झालाय, गिटारवाला स्टीव्ह हॅकेट. १९७७ मध्ये 'सेकंड्स आउट' या लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग चालू असताना तो निघाला. आपल्या रचनांना अल्बममध्ये पुरेशी जागा मिळत नाही, ही त्याची जुनी तक्रार होती. म्हणजे तुम्हाला जे हरवलेलं वाटतंय, त्याचा पहिला संशयित तोच.

गंमत अशी की हॅकेट पुढे येऊन वाजवणारा गिटारवाला नव्हता. त्याचे लांबवलेले सूर की-बोर्डमध्ये असे मिसळायचे की गिटार कुठे संपली ते कळायचं नाही. त्यामुळे तो असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, नसताना मात्र भिंतीचा रंग उडाल्यासारखं वाटतं. तो गेल्यावर स्टुडिओत रदरफर्डने बास आणि गिटार दोन्ही सांभाळलं. मुळात तो साथीचा माणूस, सुटसुटीत वाजवणारा. मोकळी झालेली जागा बँक्सच्या की-बोर्डने भरली. शिवाय गाणीही आटोपशीर झाली. १९७६ च्या अल्बममध्ये ८ होती, १९७८ मध्ये ११.

मग गॅब्रिएल गेल्याने काहीच फरक पडला नाही का? पडला. शब्द बदलले, विक्षिप्तपणा गेला, आणि कोणाच्या लक्षात येत नाही पण बासरी गेली. बासरी तोच वाजवायचा. पण 'लॅम्ब'च्या वेळी तो गोष्ट आणि शब्द लिहीत वेगळा बसायचा, संगीताचा बराचसा भाग बाकीचे चौघे रचत होते. तेच चौघे १९७६ मध्ये होते, म्हणून तुम्ही फसलात. कॉलिन्सचा आवाजही नवा नव्हता. १९७३ च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'मधलं 'मोअर फूल मी' त्यानेच गायलंय, आणि मागच्या सुरांत तर तो १९७१ पासून आहे. वेगवेगळे गायक ऐकून बघितल्यावर शेवटी गाण्याचं काम ड्रमरकडेच आलं ते उगाच नाही.

एक गृहपाठ देतो. त्याच १९७३ च्या अल्बममधलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' ऐका. मध्ये बासरीवर एक चाल येते. पुढे तीच चाल हॅकेट गिटारवर घेतो आणि दोन-तीन मिनिटं सोडत नाही. बँडने पुढे गमावलेल्या दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात, एकाच चालीवर.

झांजवाला: बारातारींना +१, पण अर्धाच. दादा लोक ज्याला 'कॉलिन्सचं पॉप' म्हणतात तो धाडधाड वाजणारा ड्रम १९७८ मध्ये कुठे आहे? तो जेनेसिसमध्ये आला १९८१ च्या 'अबॅकॅब'मध्ये. आणि तो जन्मला कुठे? गॅब्रिएलच्याच १९८० च्या तिसऱ्या एकल अल्बमवर! 'इंट्रूडर' ऐका. ड्रमवर कॉलिन्स, ध्वनिमुद्रणाला ह्यू पॅजम. गॅब्रिएलने झांजा वाजवायला बंदी घातली होती. वादकांचं बोलणं ऐकण्यापुरता टांगलेला माइक, त्यावर जबर कॉम्प्रेशन (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणारं), आणि ठोका विरायच्या आत त्याची शेपटी कापणारं गेट, असा तो आवाज. पुढच्या वर्षी तोच पॅजम 'अबॅकॅब'ला बसला. तेव्हा जेनेसिस ज्याच्यामुळे 'बिघडलं' तो नाद बँड सोडून गेलेल्या माणसाच्या घरून आलाय.

अवांतर: 'अबॅकॅब'पासूनच जेनेसिसने स्वतःच्या स्टुडिओत काम सुरू केलं. घड्याळाची भीती नाही, तिघं बसून वाजवत राहायचे आणि त्यातून गाणं निघायचं. १९८३ च्या अल्बमवर तर प्रत्येक गाण्याला तिघांचं नाव आहे. माझ्या मते हा बदल हॅकेट जाण्यापेक्षाही मोठा.

लाल_झगा: झांजबंदीचं माहीत नव्हतं. झगा तूर्त मागे घेतो.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. गृहपाठ केला. बासरीची चाल गिटारवर येते तिथे तीनदा मागे जाऊन ऐकलं. १९७८ मध्ये काय नाही ते आता बोट ठेवून सांगता येतं.

दादाला 'इंट्रूडर' नाव न सांगता लावून दिलं. सुरुवातीला नुसता ड्रमच आहे. चौथ्या-पाचव्या ठोक्याला ओरडला, "बंद कर तो कॉलिन्स." खरं तर बरोबरच ओळखलं त्याने. मी बंद केलं नाही. गॅब्रिएल गायला लागल्यावर मात्र तो काही बोलला नाही, नुसता आवाज वाढवला.