ओहोळातला कार्बन डायऑक्साइड झऱ्याचा की पाचोळ्याचा?

जांभा_पाझर:
बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांभोटीच्या जंगलातल्या ओहोळांत हवेच्या मानानं कार्बन डायऑक्साइड जास्त दिसला की खापर पात्रातल्या कुजक्या पाचोळ्यावर फुटतं. माझं मत : उन्हाळ्यात तो मुख्यतः भूजलातून येतो. मुळं आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत हा वायू १ ते ५ टक्के असू शकतो, बाहेरच्या हवेत ०.०४२ टक्के (४२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग). जांभ्यातून झिरपणारं पाणी तो विरघळवून घेऊनच बाहेर पडतं. समजा, झऱ्याच्या तोंडाशी पीएच ६.० आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची क्षमता, इथं मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात २५ मिग्रॅ/लि. आली, तर २५ अंशांना त्या पाण्याशी समतोल हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब सुमारे ३३,००० पीपीएम निघतो. वायू उडून गेला की तेच पाणी पीएच ७.९ च्या आसपास जातं, अल्कलिनिटी मात्र तेवढीच राहते. खडकाळ उतारावर हे फार लवकर घडतं. म्हणून खाली साकवाजवळ बाटली भरून भूजलाचा वाटा ठरवणं मला मान्य नाही.

व्हाळकाठ:
अजिबात पटत नाही. ३३,००० हा मोजलेला आकडा नव्हे, पीएचवरून काढलेला आहे. पीएच फक्त ०.३ नं कमी वाचला गेला तरी तो दुप्पट होतो, आणि इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात पीएच मीटरचा इलेक्ट्रोड स्थिरावायलाच वेळ लागतो. त्यात पाचोळ्यातली सेंद्रिय आम्लं टायट्रेशनमध्ये (थेंबथेंब आम्ल घालून मोजताना) अल्कलिनिटी म्हणून मोजली जातात.

थेट मोजा. ६० मिलीची सिरिंज पाण्याखाली धरून ३० मिली पाणी ओढा, बुडबुडा येऊ देऊ नका. मग ३० मिली मोकळी हवा घ्या. झऱ्याच्या कपारीतली नको, ती आधीच वायूनं भरलेली असते. दोन मिनिटं जोरात हलवा आणि फक्त वायू कार्बन डायऑक्साइड मीटरमध्ये सोडा. वाचनातून मोकळ्या हवेचं वाचन वजा करा, आलेल्या फरकाची १.२ पट मूळ वाचनात मिळवा (२५ अंशांसाठी). मीटर ५,००० पीपीएमलाच थांबणारा असेल तर झऱ्याशी निरुपयोगी.

आणि खालच्या संथ डोहांत पहाटेही आकडा चढा असेल, तर तो वायू वरून टिकून आलेला नाही. तिथं पाचोळाच कुजतोय.

तांबडा_गाळ:
झऱ्याच्या तोंडाशी तांबूस गाळ आणि तेलासारखा तवंग असेल तर 'अल्कलिनिटी तेवढीच राहते' हे गृहीतकच कोसळतं. भूजलातलं विरघळलेलं (फेरस) लोह हवा लागताच गंजतं आणि बायकार्बोनेट खातं : लोहाच्या एका मोलमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन मोल सुटतात. ५ मिग्रॅ/लि. लोह म्हणजे अल्कलिनिटी २५ वरून १६ वर. विरघळलेला सेंद्रिय कार्बनही या गाळाला चिकटून खाली बसतो. अशा ठिकाणी नमुना लगेच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळून अल्कलिनिटी जागेवरच काढा. बाटलीत लोह गंजत राहिलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी वेगळंच झालेलं असतं.

जांभा_पाझर:
लोहाचा मुद्दा मान्य, सिरिंजही. पण डोहाचा नाही. डोहाच्या तळातूनही भूजल वर येतं. तळाचं आणि वरच्या पाण्याचं तापमान व विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) आधी ताडून बघा, फरक नसेल तरच पाचोळ्याचं नाव घ्या.

व्हाळकाठ:
बरोबर, पण मग एक डोह पुरणार नाही. झऱ्यापासून दर १० मीटरला वाचन हवं.