लग्नाआधी मित्रासाठी एक दिवस: काय बेत करावा?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): माझ्या बालमित्राचे लग्न जानेवारीच्या अखेरीस असून हळदीपूर्वी आम्हा सात-आठ जणांना त्याच्यासाठी एक दिवस राखून ठेवायचा आहे. रिसॉर्टचा खर्च परवडणारा नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर १: त्या दिवसांत ज्वारी हुरड्यावर आलेली असते, त्यामुळे शेतावरच जमावे, असे मला वाटते. सकाळी गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजून शेंगदाण्याच्या चटणीसोबत हुरडा खावा आणि संध्याकाळी रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) लावून चुलीवर वांग्याची भाजी शिजवावी. रोडगे भाजायला बराच वेळ लागतो, आणि खरे सांगायचे तर गप्पा त्याच वेळात रंगतात. राख झटकल्यावर तुपाचा हात मात्र आखडता घेऊ नये.

उत्तर २: फिरायचेच असल्यास चिखलदरा पाहावे; गाविलगडाचा किल्ला आणि भीमकुंड एका दिवसात होतात. तेथील रात्री थंड असतात आणि घाटात वळणे फार, म्हणून मुक्काम करूनच परतावे. ताडोब्याचा विचार असेल, तर मंगळवारी गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते आणि एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, हे लक्षात घेऊन आगाऊ नोंदणी करावी.

उत्तर ३: वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा कोणी गुपचूप बाटली आणण्याचे सुचवले, तर त्याला आधीच थांबवा, लग्नाच्या तोंडावर नवरदेवाला पोलीस ठाण्यात बसवण्याची हौस कोणालाच नसावी. तारीख हळदीच्या किमान आठवडाभर आधीची धरा आणि केळवणांची आमंत्रणे कोणत्या दिवशी आहेत, हे त्याच्या आईला विचारून घ्या.