ऑनलाइन हवंच, पण मुदतीचं काय?

सगळ्या सरकारी सेवा ऑनलाइन केल्या की हेलपाटे आपोआप थांबतील, असं या विषयावरच्या चर्चेत म्हटलं जातं. सातबाऱ्याबाबत पटतं: डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. पण तिथे नोंद आधीच तयार असते. जिथे कुणीतरी कागद तपासून सही करायची असते, तिथे ऑनलाइन अर्जही पडूनच राहतो.

त्यावरचा उपाय महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात आहे, त्याचा उल्लेख या चर्चेत कुणी केलेला दिसला नाही. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली की पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. माझ्या पुतणीचा नॉन क्रीमी लेअरचा दाखला ऐन प्रवेशाच्या वेळी अडकला होता. विचारायला गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत'. शेवटी 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवरून अपील टाकलं, आणि दाखला लगेच हातात पडला! सेतू केंद्रात अर्ज देऊन निघताना पोच मागाच, आणि तिच्यावर मुदत लिहिली आहे का ते तिथेच बघून घ्या.