ओळखीच्या माणसाचं अनोळखी पुस्तक : तुम्ही काय सांगता त्यांना?

गेल्या महिन्यात शेगडी दुरुस्त करायला एक गृहस्थ आले होते. बर्नर घासले, नॉब बदलला, हात धुतले आणि पान्यांच्या पिशवीतून साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं. स्वतःचा कवितासंग्रह. म्हणाले, "वाचून सांगा ताई, पण खरं सांगा." तेव्हापासून तीन आठवडे मी त्यांचा फोन उचललेला नाही.

हे कोल्हापूर, वि. स. खांडेकरांचं गाव. १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर इथलं. पुस्तकांचं अप्रूप इथे आहेच, पण ज्याला मोठा प्रकाशक नाही, ज्याचं पुस्तक दुकानाच्या दर्शनी भागात येत नाही, त्याच्यापर्यंत आपण पोचतो कसे? आणि तोच माणूस उद्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर भेटणार असेल, तर त्याच्या पुस्तकाबद्दल खरं बोलतो का? आपापले अनुभव लिहा. कौतुक असेल तर नावानिशी करा, तक्रार असेल तर नाव नको.

कसबा बावडा, निवृत्त ग्रंथपाल

मी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात तेवीस वर्षं काढली. अशी पुस्तकं वाचनालयात विकत घेऊन येत नाहीत, लेखक स्वतः आणून देतात. दाखल रजिस्टरात किमतीच्या रकान्यात 'भेट' असा शेरा पडतो आणि पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर जातं. तिथवर वाकायला कोणी तयार नसतं, गुडघ्यांचा प्रश्न असतो. माझी सवय अशी होती की मागची तारखांची चिठ्ठी कोरी असलेलं पुस्तक शनिवारी घरी न्यायचं.

दहातली सात परत येऊन गुपचूप फळीवर जायची, खोटं कशाला बोलू. पण एकदा एका विहीर खोदणाऱ्याच्या आठवणी हाती लागल्या. जेमतेम नव्वद पानं. पहार कुठल्या आवाजाला खडकात अडकते आणि कुठल्या आवाजाला पाणी जवळ आलंय हे कळतं, यावर सलग चार पानं. असं लिहिणं मी नंतर कुठेच वाचलं नाही. त्या चिठ्ठीवर पहिली तारीख माझी पडली. पुढे मीच ते लोकांच्या हातात कोंबत राहिलो, तर निवृत्तीपर्यंत अठरा तारखा झाल्या.

दोन गोष्टी सांगतो. प्रस्तावना शेवटी वाचा, कारण ती बहुधा लेखकाच्या साहेबांनी लिहिलेली असते. आणि आतल्या पानावर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाचा उल्लेख दिसला तर पुस्तक जरूर उघडा. कुणीतरी तिऱ्हाइताने हस्तलिखित आधी वाचलेलं असतं, एवढी तरी खात्री.

राजारामपुरी

शाहू स्मारकात ग्रंथप्रदर्शन लागलं की मी शेवटच्या टेबलापासून सुरुवात करते. तिथे लेखक स्वतः उभा असतो. जो हाका मारतो त्याच्याकडून घेत नाही, जो दुसऱ्याचं पुस्तक वाचत बसलाय त्याच्याकडून घेते. बरेचदा फसले नाही.

शिवाजी पेठ, अक्षरजुळणी

या गावातली निम्मी पुस्तकं लेखकाच्या बायकोच्याही आधी मी वाचलेली असतात, तीही दोनदा. त्यामुळे माझं मत जरा तिरकं आहे.

लोक म्हणतात, या पुस्तकांत शुद्धलेखन नसतं. अर्धी चूक आमची, म्हणजे फॉन्टची. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडतो. 'धर्म'चा 'धम' होतो, 'मार्ग'चा 'माग'. मुद्रितशोधनाला पैसे उरलेले नसतात, मग लेखकाचा भाचा वाचतो, आणि भाच्याला दुसऱ्या दिवशी पेपर असतो. तेव्हा परीक्षण लिहिताना छापखान्याच्या चुका एका ओळीत उरका आणि पुढे चला.

दुसरं, फर्म्याचं गणित. एक फर्मा सोळा पानांचा. कवीचा मजकूर भरतो १०३ पानं, पुस्तक करायचं ११२ चं. उरलेल्या नऊ पानांचं काय? मी म्हणतो, "कोरी सोडू?" कवीला ते सोसत नाही. रात्री घरी जाऊन जुन्या वहीतलं काहीतरी उपसून आणतो, ज्यावर त्याने रंधा मारलेला नसतो. माझ्या अनुभवात बऱ्याच संग्रहांतली सगळ्यात जिवंत कविता त्या शेवटच्या नऊ पानांत असते. मी तर नवा संग्रह मागूनच उघडतो.

आयएसबीएन मिळवून देतो म्हणून पैसे घेणारेही भेटतात. तो तेरा आकडी क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो, अर्ज स्वतः करायचा. आणि हो, २०२१ च्या पुरात शाहूपुरीतल्या एका लेखकाने टीव्हीच्या आधी पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर चढवले होते. टीव्ही गेला. गठ्ठे अजून माळ्यावरच आहेत, हे त्यानेच हसत सांगितलं.

नागाळा पार्क, बँकेतून निवृत्त

मी एका छोट्या नियतकालिकात पुस्तक-परिचय लिहायचो. 'लिहायचो' म्हणतोय ते लक्षात घ्या.

चंदगडकडच्या एका तरुणाची कादंबरी आली होती. मी लिहिलं की कथा चांगली आहे, पण भाषा अशुद्ध, वाक्यागणिक ठेच लागते, संपादकाचा हात फिरायला हवा होता. छापून आलं. मग एका लग्नात लेखकाचे थोरले बंधू पंगतीत माझ्या शेजारीच बसले. एक शब्द बोलले नाहीत. फक्त वाढप्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांना जिलेबी विचारून वाढा, यांची चव वेगळी आहे."

अपमान वाटला, पण खरा धक्का नंतर बसला. एका मुलीचं पत्र आलं. तिने मी 'अशुद्ध' ठरवलेली सहा वाक्यं उतरवून काढली होती आणि लिहिलं होतं, "माझी आजी अशीच बोलते." मी ती कादंबरी परत काढली, या वेळी मोठ्याने वाचली. ठेच कुठेच लागली नाही. छापखान्याची चूक आणि बोली यांतला फरक मला एकसष्टाव्या वर्षी कळला. चूक कबूल करणारं टिपण पाठवलं, ते आलं नाही, जागा नव्हती म्हणे. लेखक अजूनही मला बघून रस्ता बदलतो. त्याचं बरोबर आहे.

शिवाजी विद्यापीठ वसतिगृह

काका, ते पत्र माझं नव्हतं, पण असू शकलं असतं. मीही चंदगडची. आमच्या बोलीत कानडी-कोकणीचा वारा आहे, आणि इथे पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडायला घाबरायचे. खर्डेकर ग्रंथालयात आमच्या भागातल्या लेखकाचं पुस्तक सापडलं तेव्हा मी ते वाचण्याआधी नुसतं चाळत बसले, ओळखीचे शब्द छापलेले कसे दिसतात ते बघत.

शोधण्याबद्दल सांगायचं तर किंडलवर लेखक स्वतःच मराठी पुस्तक चढवू शकतो, आणि सुरुवातीची पानं फुकट वाचता येतात. कचरा भरपूर. पण तिथे मला एका नर्सच्या रात्रपाळीच्या नोंदी मिळाल्या. आमच्या खोलीत आम्ही चौघी आहोत. मी परीक्षण वगैरे लिहीत नाही, दिवा मालवल्यावर पुस्तकातलं एक पान वाचून दाखवते. कोणी झोपलं नाही तर पुस्तक चांगलं.

शिरोली, फाउंड्रीत सुपरवायझर

मी दुसऱ्या बाजूचा. मीच तो बिनओळखीचा लेखक.

कथासंग्रह काढला, ५०० प्रती, पदरचे पैसे, पीएफमधून. १८० फुकट वाटल्या. "छान हाय", "लई भारी", "नाद खुळा" असे निरोप आले साठ-सत्तर. त्यातल्या एकानंही कुठली कथा ते सांगितलं नाही. मग गारगोटीकडून एका रिटायर मास्तरांचं पत्र आलं. तेवीस चुका, पान नंबर टाकून. एका कथेत म्हातारा पान ३१ वर मरतो आणि ३८ वर तंबाखू मळतो. बायको म्हणाली, एवढं वाईट लिहिलंय होय? म्हटलं, अगं, या माणसानं शेवटच्या पानापर्यंत वाचलंय! ते पत्र मी फोटोसारखं लावलंय, शेजारी कंपनीचं कॅलेंडर.

आमच्याकडं कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत अडकलेल्या वायूनं पडलेलं भोक, आला की पार्ट रिजेक्ट होतो. पण तो कुठं आहे ते खडूनं गोल करून दाखवतात, म्हणजे साचा तपासता येतो, वाळूत ओल जास्त होती का बघता येतं. नुसतं 'रिजेक्ट' म्हणून कोण ढकलून देत नाही. आणि नुसतं 'ओके' म्हणून पाठवला तर पार्ट गिऱ्हाइकाकडं जाऊन फुटतो. मला तुमच्याकडनं तो खडूचा गोल पाहिजे. चांगल्या जागेलाही गोल करा, चालतंय.

आणि विकत घ्या मर्दांनो. पोस्टाचं आता २०२५ च्या मे पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक वीस रुपये अधिक करात जातं. दीडशेचं पुस्तक मागायचं आणि "भेट द्या की" म्हणायचं, हे वडापाववाल्याला म्हणून बघा एकदा.

कागल

वर फाउंड्रीवाल्यांचं वाचून निपाणीचे महादेव मोरे आठवले. पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर लिहीत राहिले. आम्ही शेजारच्या गावचे, पण त्यांचं नाव मला पुण्यातल्या मित्राकडून कळलं. एवढंच.

मंगळवार पेठ, भिशी मंडळ

आमची बारा जणींची भिशी. दर महिन्याला नंबर लागेल तिने एक पुस्तक घ्यायचं, अट एकच, लेखकाच्या हातून घ्यायचं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी मेथी निवडायची. मोठ्याने वाचलं की पुस्तकाचं सगळं बिंग फुटतं बघा. जिथे वाचणारी अडखळते तिथे लेखकही अडखळलेला असतो.

गेल्या वर्षी एका लेखकांना बोलावलं. कादंबरी पेठेतलीच, तालीम, म्हशी, रंकाळा सगळं व्यवस्थित. चहा-चिवडा झाला आणि आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकी म्हणाल्या, "दादा, तुमची शालन पेठेत जन्मली, पेठेत दिली, आणि 'मी येते' म्हणते? आम्ही 'मी येतो' म्हणतो. आज कोल्हापुरात कुठलीही म्हातारी विचारा." लेखकांनी वही काढली. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आणि दोनशे पानांत बायका सतरा वेळा चहा करतात. एकदाही पीत नाहीत."

लेखक जरा गप्प झाले. मग कपाकडे बघून म्हणाले, "तुम्ही घेतला का?" नव्हता घेतला कोणी, बोलायच्या नादात. तसा माणूस बरा. त्यांचं नवं पुस्तक येतंय म्हणे, आम्ही बारा प्रतींचे पैसे आधीच दिलेत. दुकानात गेलं असतं तर कमिशनच जबर कापलं गेलं असतं.

परत मीच, शेगडीवाली

एवढं सगळं वाचल्यावर काल फोन केला. संध्याकाळी आले. मी पुस्तकात पेन्सिलने गोल करून ठेवले होते, शिरोलीच्या दादांचं ऐकून. अक्षरजुळणीवाल्यांचं ऐकून मागून वाचलं होतं, आणि खरंच, १०६ व्या पानावर एक कविता होती. दिलेल्या पत्त्यावर घर सापडत नाही आणि माणूस हत्यारांची पिशवी घेऊन गल्लीत उभा राहतो, एवढीच. ती मला पाठ झाली होती, तशी म्हणून दाखवली. मग बाकीच्या बऱ्याच कवितांत यमकासाठी ओढाताण दिसते, तेही सांगितलं. 'पाणी' आलं की 'राणी' येतेच, शेतात असो की फुलेवाडीच्या नाक्यावर.

ते म्हणाले, "यमक काढलं तर लोकांना कविता आहे हे कळंल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १०६ व्या पानावर यमक नाही, एवढं दाखवलं. त्यांनी ते पान उघडं धरून बराच वेळ बघितलं. "ही घालायची नव्हती," म्हणाले, "पानं कमी पडत होती."

पुस्तकाचे ऐंशी रुपये घेईनात, बळेच खिशात घातले. ते गेल्यावर चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं, बर्नर डाव्या बाजूने अजून पिवळाच जळतोय. ते सांगायचं राहूनच गेलं.